माहा दात, तुहा दात, तो दात

२०२४ साल. मी तेव्हा बाहत्तर वर्षांचा होतो आणि तोंडातले सगळे दात शाबूत होते. गावात माझ्या वयाच्या दुसऱ्या कोणाला असं म्हणता येत नव्हतं, म्हणून मी म्हणत फिरायचो. शाळा चौथीपर्यंत. पुढं मास्तरचं आणि माझं जमलं नाही.

माझी नात, म्हणजे पोराची पोरगी, डॉक्टरकी शिकायला आर्मेनियात आहे. शिकवतात इंग्रजीत, पण दवाखान्यातला पेशंट आपल्या आर्मेनियन भाषेतच कण्हतो. म्हणून वॉर्डात पाय ठेवायच्या आधी तोंडी परीक्षा असते. मॅडम पेशंट बनते आणि पोरांनी तिला विचारून विचारून दुखणं काढायचं. नात त्यात एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर अख्खं वर्ष घालवून बसली असती. सराव ऐकून ऐकून तिच्या मैत्रिणी कंटाळल्या, तेव्हा मी फोनवर म्हटलं, "मी होतो पेशंट. मले दिवसभर काय काम हाय?"

"आबा, तुमाले जमन?"

हे विचारलं नसतं तर मी कदाचित सोडूनही दिलं असतं.

तिनं समजावलं. "अताम म्हणजे दात. आता 'माहा' म्हणाले येगळा शब्द लागत नाई, मांगं शेपूट लावाचं. अतामस, माहा दात. अतामद, तुहा दात. आन् नुसता अर्धा 'अ' लावला, अतामअ, तर तो दात, ज्याची गोष्ट चालू हाय तो."

"यात काय नवीन हाय? आपुन नाई का मले, तुले, त्याले म्हणत?"

"ते येगळं हाय, आबा."

"येगळं काहून? शेपूट ते शेपूट."

ती पुढच्या शब्दाकडे वळली. मी बरोबर होतो, असं माझं आजही मत आहे.

'त्सावूम ए' म्हणजे दुखतं. तेही पाठ झालं. मग तिनं मला पेशंट केलं आणि मी म्हटलं, "अतामअ त्सावूम ए."

"स लावा ना, आबा. कोनाचा दात?"

"शेजाऱ्याचा."

आमच्याकडे कोणाला कुठं लागलं हे सांगताना हात स्वतःच्या अंगाला लावत नाहीत. लावला की कोणीतरी लगेच म्हणतं, आपल्या अंगावर दाखवू नको. मग मी तोंडानं कसं दाखवू? एका भाषेत चालत नाही ते दुसरीत चालेल कशावरून? मी काही ऐकलं नाही. रोज संध्याकाळी दात शेजाऱ्याचा दुखला, डोकं व्याह्याचं, आणि गुडघा केनवडच्या साडूचा.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पोरगी रडकुंडीला आली. "आबा, मॅडम काई तुमच्या साडूचा गुडघा घेऊन येनार नाई. ते सोताचंच दुखणं सांगन, आन् मले तो 'स' ऐकाची सवयच नाई. मांगच्या टायमाले तिथंच अडकली होती मी."

बाजूला बुढी, म्हणजे माझी बायको, डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याईले खोटं बोलाले काहून लावतं वं? खरं सांगाले लाव. पंधरा दिवस झाले, एकाच बाजूनं जेवून राह्यले."

"तुले कोनं सांगतलं?" मी विचारलं.

"भाकर चहात बुडवून खाता. मले दिसत नाई काय?"

फोनमध्ये नात माझ्याकडे टक लावून पाहत होती. खोटं दुखणं अंगावर घ्यायचं नसतं, ठीक आहे. पण खऱ्याला ही सबब लागू होत नव्हती. मी घसा साफ केला.

"अतामस," मी म्हटलं. "अतामस त्सावूम ए."

पोरगी एकदम सरळ बसली आणि विचारू लागली. एकामागून एक, न अडखळता, सगळं आर्मेनियन. मला एक अक्षर कळलं नाही. मग तिनं तोंड उघडायला लावलं. बुढीनं बॅटरी धरली, मी फोन धरला. तो तोंडात घालायचाच काय तो राहिला होता.

"दाढ किडली हाय, आबा," ती मराठीत म्हणाली. "उद्याच मालेगावले दाखवा."

"तू पैले पास हो. मंग पाहू."

विषय संपवायला बोललो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"पास झाली, आबा. मॅडम लय सोप्या होत्या. तुमच्यावानी तरास नाई देला."

मी ओसरीवर जाऊन गल्लीतल्या तिघा-चौघांना सांगितलं की नातीला भाषा मी शिकवली. आत आलो तर बुढी कमरेवर हात ठेवून उभी.

"आता?"

"आता काय? बोललो ते बोललो."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मालेगावला गेलो आणि दाढ काढून आलो.