बॅगांपाशी एक जण

आमच्या घरातल्या एका नियमावर प्रश्न विचारायचा नाही, असं मला लहानपणीच बजावलंय: कुठेही गेलो तरी बॅगांपाशी एक जण हवा. हा 'एक जण' म्हणजे आई! वीस वर्षं दुबईत राहूनही समुद्रात तिचे पाय भिजलेले नाहीत. अशा घरात किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. यंदा आई, बाबा, काका आणि मी इटलीतल्या पुलियाला गेलो. हे त्या एका आठवड्यातले.

*

बारी शहरातल्या रेस्टॉरंटमध्ये बाबा दुबईच्या सवयीने वेटरला अरबीत म्हणाले, "यल्ला हबीबी, नो मीट, खलास!"

मी टेबलाखाली शिरायच्या बेतात होते. वेटर निघाला ट्युनिशियाचा, अरबीच बोलणारा! त्याने बाबांना मिठीच मारली. तेव्हापासून बाबांनी अख्ख्या इटलीला हबीबी म्हटलं. दुसरी मिठी काही मिळाली नाही.

*

आल्बेरोबेल्लोत घरांना शंकूसारखी दगडी छपरं. काका तर वेडेच झाले. "वहिनींना दाखवायला हवं, मोदकांचं गाव आहे हे!"

वहिनी खाली चौकात बॅगांपाशी. काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. आईचं उत्तर आलं, "छान. पाणी प्या."

*

बारीच्या जुन्या गल्लीत बायका दारात बसून अंगठ्याने पास्ता वळतात. आई थबकली. "अगं, हे तर आपले नखुले!"

रुखवतासाठी नखाने वळलेले ते कणकेचे तुकडे तिने ढिगाने केलेत. ती सरळ एका आजीशेजारी बसली आणि कणीक हातात घेतली. "एवढं जाड नको हो, शिजायचं नाही!"

आजीने तिच्या हातावर चापट मारली. आईनेही मारली! दोघी हसतायत.

"अगं, बॅगा!" बाबा ओरडले.

"असतील तिथेच," आई मान वर न करता म्हणाली.

*

शेवटच्या दिवशी समुद्र. "वहिनी, तुम्ही सावलीत बसा हं," म्हणत काकांनी बॅगा ठेवल्या. आई बसलीही. पण चपला काढून ती पाण्याकडेच बघत होती.

मी म्हणाले, "आई बसणार नाही."

"मग तू बस," बाबा म्हणाले.

"मीही नाही."

"अगं, तिला पोहता येत नाही!"

"तुम्हाला येतं? गुडघाभर पाण्यात उभं राहून सेल्फी तर काढता!"

"मग बॅगांपाशी कोण?" काका म्हणाले.

"ते तुम्ही दोघं ठरवा. आम्ही दोघी चाललो."

आईने चष्मा काढून बाबांच्या हातात दिला, सलवार वर खोचली आणि माझा हात घट्ट धरला.

दोघे भाऊ बॅगांकडे बघत उभे.