कागदासोबत येणारा माणूस

आमच्या विभागात सगळ्यांत थोरले होते ते अम्मानच्या एका सरकारी कचेरीतले चाळिशीचे अधिकारी. ऐंशीच्या दशकात, नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या विद्यापीठात मनुष्यबळ विकास हा विषय अजून नवाकोरा होता. तो शिकून परत जायचं आणि आपल्या खात्यात प्रशिक्षण विभाग उभा करायचा, म्हणून सरकारने त्यांना शिष्यवृत्ती देऊन पाठवलं होतं. एका जरी विषयात नापास झाले तर शिष्यवृत्ती बंद आणि परतीचं विमान. हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं.

मी नागपूरची, त्यांच्या एक वर्ष पुढे, आणि एका प्राध्यापकांसाठी विद्यार्थ्यांचे पेपर तपासून फी भरणारी. तळघरातल्या माझ्या टेबलाशी ते रोज येत, थर्मासमधली वेलदोड्याची कॉफी इवल्याशा कपात ओतत आणि आधी विचारत, "सिस्टर, आई कशी आहे?" मग भाऊ, मग माझं जेवण. कामाची गोष्ट निघेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला यायचा. मी मुळात तापट. "बरी आहे, काम बोला," म्हणून त्यांना वाटेला लावायची.

आई बरी नव्हती. त्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला होता. शेजाऱ्यांच्या फोनवर भावाला गाठायला इथली सकाळच सोयीची, आणि वसतिगृहातल्या एकुलत्या एका फोनसमोर ही रांग. कामावर पोचायला रोज उशीर व्हायचा. मी कुणाला काही सांगितलं नाही. आपलं रडगाणं लोकांना कशाला, असा माझा ताठा.

त्याच प्राध्यापकांच्या विषयाची परीक्षा मोठी मजेशीर होती. साहेबाच्या टेबलावर येतात तसे कागद एका ट्रेमध्ये द्यायचे आणि तासाभरात, एकट्याने बसून, प्रत्येकावर निर्णय लिहायचा. सराव करताना ते गोंधळले. "आमच्या कचेरीत कागद एकटा येत नाही," ते म्हणाले. "माणूस तो घेऊन येतो, बसतो. दार उघडं असतं, चारजण एकदम बोलत असतात. माणूस न बघता मी काय लिहू?"

"इथे असलं काही लिहू नका, बुडाल," मी म्हटलं होतं.

त्यांनी तेच लिहिलं. ट्रेमधला एक कागद महिनाभर उशिरा येणाऱ्या कारकुनाचा होता. प्राध्यापकांनी दिलेल्या नमुना उत्तरात होतं, लेखी ताकीद. ह्यांनी लिहिलं होतं, "त्याला बोलावीन, बसवीन, कॉफी देईन, घरचं विचारीन. मग ठरवीन."

पेपर तपासायला घेतले त्याच सकाळी माझ्या टपालाच्या कप्प्यात टाइप केलेली चिठ्ठी पडली होती. कामावर वारंवार उशीर, पुन्हा झाल्यास काम काढून घेतलं जाईल. खाली प्राध्यापकांची सही. त्यांची खोली माझ्यापासून दहा पावलांवर होती. माझा जळफळाट झाला, पण त्याहून जास्त मी घाबरले. काम गेलं असतं तर शिक्षणच संपलं असतं. मग नमुना समोर ठेवून, शब्दन् शब्द पडताळत, मी अम्मानच्या अधिकाऱ्यांचा पेपर तपासला आणि त्यांना नापास केलं. नियमाच्या आड लपले, दुसरं काय.

निकाल लागला तसे ते तळघरात आले. मी भांडणाच्या तयारीत. त्यांनी कॉफी ओतली.

"सिस्टर, आई कशी आहे?"

"तिला बोलता येत नाही," माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मला रडू फुटलं. ते खुर्ची ओढून बसले आणि कितीतरी वेळ ऐकत राहिले. शेवटी मीच त्यांचा पेपर पुढे केला. म्हटलं, मी प्राध्यापकांशी बोलते.

"ते नंतर. डॉक्टर काय म्हणतात?"

मी बोलले प्राध्यापकांशी. त्यांनी ऐकून घेतलं, पण गुण बदलले नाहीत. सत्र संपताच ते अम्मानला गेले. थर्मास माझ्या टेबलावर ठेवून गेले.

पुढे पार्सिपनी गावातल्या एका कंपनीच्या कर्मचारी विभागात मी उभी हयात नोकरी केली. ताकिदीही लिहिल्या, पण माणसाला समोर बसवून घरचं विचारल्याशिवाय एकही नाही. वेलदोड्याचा वास आला की अजून ते तळघर आठवतं आणि फार हळहळ वाटते.

ते अम्मानला गेले त्याच उन्हाळ्यात आई दोन शब्द बोलली. ते कळवायला मी त्यांना पत्र लिहायला बसले. आधी घरच्यांची खुशाली विचारावी म्हणून पेन टेकवलं आणि तिथेच अडले. त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं.