पंप बंद केला तेव्हा

त्या उन्हाळ्यात मी कराडच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवत होतो, आणि पार शिणलो होतो. सकाळपासून एकामागून एक विद्यार्थी आणि प्रत्येकाला तीच वाक्यं. दुपारची शेवटची पाळी तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या मुलीची. तिचे वडील मुद्दाम एसटीनं आले होते, लेकीला उडताना बघायला. कुंपणाशी सावलीत उभे होते.

विमान उन्हात उभं राहून तापलेलं. उड्डाणाच्या वेळी इंजिनाच्या स्वतःच्या पंपाला जोड म्हणून विजेवरचा बूस्ट पंप चालू ठेवतात आणि पुरेशा उंचीवर गेल्यावर बंद करतात. तिनं तसंच केलं. बटण बंद झालं आणि इंधनाचा प्रवाह दाखवणारी सुई थरथरायला लागली. इंजिन अडखळलं. उष्णतेनं नळीत पेट्रोलची वाफ धरली होती.

मी हात उचलला, पण माझ्याआधी ती बोलली.

"सर, पंप परत चालू करते."

"कर. नाक जरा खाली घे."

सुई थोडा वेळ तशीच नाचली, मग स्थिरावली. आवाज सलग झाला.

"आता बंद करू?"

"नको. उतरेपर्यंत राहू दे."

मला भीती वाटली नव्हती, आणि तेच मला बरं वाटेना. भीती वाटायलाही अंगात त्राण लागतं.

उतरलो तर वडील समोर आले. "सायेब, वर आवाज तुटला व्हता न्हवं?"

"पेट्रोलची वाफ झाली होती, अब्बा," तीच म्हणाली. "पंप लावला मी."

"आन् बंदच पडलं असतं तर?"

त्यांनी मला विचारलं होतं. खोटं बोलायचा मला कंटाळा आला. "समोरच्या उसात उतरवलं असतं. तेही शिकवलंय तिला."

ते बराच वेळ त्या शेताकडे बघत राहिले. "ऊस लय उंच हाय, सायेब."

लेकीला ते घरी नेणार, असं मी धरून चाललो होतो. पण त्यांनी पिशवीतून बेदाण्याचा पुडा काढून तिच्या हातात दिला, "वाटून खा" म्हणाले आणि एकटेच स्टँडकडे निघाले.

मेकॅनिकला विमान तपासायला सांगून मी ऑफिसात गेलो आणि आठवडाभराची रजा मागितली. रजा मिळाली. पहिला दिवस नुसता झोपून काढला.