यंत्रमानवाच्या कपाळी भंडारा

कोंडीबा माणूस सोन्यासारखा, पण देवभोळा. त्यावर औषध मिळत असतं, तर त्याच्या बायकोनं कवाच आणून पाजलं असतं! जतकडच्या मेंढपाळाचं पोर. फौजेत ट्रकची इंजिनं खोलण्यात उमर गेली आणि पेन्शनीत येऊन चिकटला सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कारखान्यात. तिथं अवकाशात धाडायचा यंत्रमानव बनत होता. वर, माणूस नसलेल्या प्रयोगशाळेत, त्यानं आपल्याच अकलेनं बघून सुटे भाग जोडायचे. त्याचे दोन्ही हात कोंडीबानं बसवलेले. पोटच्या पोरासारखा जीव लावला होता त्याला.

आज शेवटची चाचणी होती. धूळबंद खोलीत पाहुणे पांढऱ्या टोप्या घालून उभे होते. यंत्रमानवानं स्क्रू उचलायला हात पुढं केला आणि थबकला. पुन्हा केला. बोटं हवेतच मिटली.

मालक विश्वजितराव दातओठ खात म्हणाले, "स्वप्नाली, प्रोग्रॅम तुझा. आज हे चाललं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

कुंडलच्या त्या पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. ती परत परत संगणक तपासू लागली. चूक काही सापडेना.

कोंडीबाची नजर मात्र यंत्रमानवाच्या डोळ्यांवर खिळली होती. घरातनं कुणी लांब निघालं, की कपाळाला भंडारा लावल्याबिगर त्याला चैन पडायची नाही. खिशात पुडी कायम. सकाळी कुणाचं लक्ष नाही बघून त्यानं यंत्रमानवाच्या दोन डोळ्यांच्या मधोमध हळदीचं बोट टेकवलं होतं. बिचारा एवढ्या लांब एकटा चाललाय म्हणून! मग घाबरून पुसलंही होतं. पण हळद कसली पुसली जातेय? डोळ्यांच्या भिंगांवर पसरली असणार.

बोलावं तर हातातलं काम जाणार. गप्प बसावं तर पोरीचा बळी. तेवढ्यात स्वप्नालीच्या डोळ्यांतनं पाणी आलं.

"सायेब, पोरीला बोलू नगासा!" कोंडीबा ओरडलाच. "त्येच्या डोळ्यात भंडारा गेलाय. म्या लावला."

"भंडारा? अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"लय माया लागली हुती, सायेब."

कुणी हसलं नाही. विश्वजितरावांनी दाराकडं बोट केलं. "व्हा बाहेर. परत या खोलीत पाय ठेवायचा नाही."

कोंडीबा गेला. स्वप्नालीनं भिंगं पुसली. यंत्रमानवानं हात पुढं केला. बोटं स्क्रूवर अलगद बसली. उचलला, फिरवला, घट्ट केला. आत एकच जल्लोष झाला.

कोंडीबा काचेबाहेरनं बघत होता. त्यानंही रडत रडत जोरात टाळ्या वाजवल्या. आत त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत.