अनोपभाईंची सात द्रव्यं

भावनगरच्या भांडीबाजारात अनोपभाई शाहांचं दुकान. दुकानात हंडे-बंब तोलायचा एक थोराड काटा. दोन वर्षांपूर्वी त्या काट्यावर मालक स्वतः चढले तेव्हा एकशे सहा किलो भरले होते. गेल्या दिवाळीला भरले ब्याऐंशी. आणि आता आषाढात, दुकान उघडल्या उघडल्या चढले तर एकोणनव्वद! उतरले, चपला काढल्या, खिशातल्या किल्ल्या काढल्या, पुन्हा चढले. काटा काही हलायला तयार नाही.

"अरे अनोप, तो हंडा विकायचाय की घरीच ठेवायचाय?" समोरच्या दुकानातून गुणवंत ओरडला. "रोज तोलतोस, गिऱ्हाईक काही मिळत नाही वाटतं!"

आता खरी गोष्ट अशी, की ते चोवीस किलो सुईने उतरले होते. वजन उतरवायच्या औषधाची, आठवड्याला एक सुई, पोटात, चौदा महिने. हे ठाऊक दोघांनाच, बायको पन्नाबेन आणि डॉक्टर वसाणी. बाकी गावाला अनोपभाईंनी सांगितलं होतं, "जिभेला लगाम घातला, बस." लोक भाबडे. गावच्या जैन संघाने त्यांना पर्युषणात उपवास करणाऱ्यांच्या रांगेत बसवून टिळा लावला, शाल दिली. अनोपभाईंनी खरं सांगायला तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात कुणीतरी हार घातला आणि तोंड मिटलं.

मग त्यांनी सुई बंद केली. डॉक्टरांना न विचारता. ताप उतरला की गोळी बंद, तसंच हे, असा त्यांचा समज. वसाणींना कळलं तेव्हा ते म्हणाले, "नव्वदच्या वर गेलात तर पुन्हा सुरू करावी लागेल." शाल अंगावर घेऊन मिरवलेला माणूस पुन्हा फुगला, तर सगळा संघ विचारणार, लगाम कुठे गेला?

म्हणून ते उपाश्रयात, जैन साधूंच्या मुक्कामी गेले आणि महाराजसाहेबांकडून नियम घेतला. दिवसाला सातच द्रव्यं. म्हणजे सात पदार्थ, पाणीही त्यातच धरायचं, आठवा पदार्थ तोंडात घालायचा नाही. नियम त्यांनी असा पाळला की देवानेही मान डोलवावी. पण दीड महिन्यात चार किलो वाढले ते याच नियमात!

"सातच खातो गं मी! मग हे येतं कुठून?" जेवताना ते बायकोला म्हणाले.

"खाखरे किती झाले?"

"खाखरा एक."

"एक? डबा रिकामा झालाय!"

"अगं, द्रव्य एक. नग कशाला मोजतेस?"

"आणि गोळपापडी? तिच्यात पीठ, तूप, गूळ. तीन झाली."

"एकत्र शिजलं की एक," अनोपभाई ठासून म्हणाले. "उद्या दाळढोकळी कर. एकाच द्रव्यात सगळं जेवण."

पन्नाबेनने कपाळाला हात लावला. "तुमचा नियम मोडत नाही हो, पण खुर्ची मोडेल!"

तेव्हा कुठे त्यांना चूक उमगली. लाजत लाजत पुन्हा उपाश्रयात गेले. महाराजसाहेब हसले. "भाग्यशाळी, हा नियम जिभेसाठी आहे, काट्यासाठी नाही. तुम्ही ऊणोदरी करा. पोट भरायला चार घास कमी असतील तेव्हा उठा."

"साहेब, पण पोट भरलं हे कळतं कसं?"

महाराजसाहेब चमकले. "कळत नाही?"

आणि इथे अनोपभाईंचा बांध फुटला. सुईचं, शालीचं, हाराचं, सगळं बोलून गेले. "सुई होती तेव्हा दीड रोटलीत भरायचं. त्याआधी नऊ खाऊनही जागा असायची. आता यातली माझी भूक कुठली? कशातून चार घास कमी करू?"

"खोट्या शालीचं प्रायश्चित्त मी देईन," महाराजसाहेब म्हणाले. "भुकेचं मला सांगता येणार नाही. डॉक्टरकडे जा."

डॉक्टर वसाणींनी तर आणखीच घोळ केला. "तुमचा लगाम काही सुटलेला नाही, अनोपभाई. सुईने भूक दाबून धरली होती, सुई गेली, ती वर आली. बहुतेकांचं असंच होतं. रोज चाला, थोडी वजनं उचला, मूग-डाळ वाढवा. नाहीच जमलं तर सुई पुन्हा घेऊ, त्यात लाज कसली?"

"म्हणजे चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही."

हे ऐकून अनोपभाई जास्तच बावचळले. चूक कुणाची असती तर तिला धरून भांडता तरी आलं असतं. चूक नाही, आणि वजन मात्र आहे!

घरी आले, पाटावर बसले. एक रोटली झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. मग हात थांबला. त्यांनी डोळे मिटून पोटाला विचारलं. पोट बोलेना.

"पन्ना, माझं भरलं असेल का गं?"

"मला काय विचारता? मी आत बसलेय का?"

अनोपभाईंनी लोटा उचलला, थाळीत पाणी ओतलं, बोटाने कडेकडेने फिरवलं आणि थाळी तोंडाला लावली. थाळी धुऊन प्यायली की जेवण संपलं. त्यानंतर घास नाही, हे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पन्नाबेन चिमट्यात गरम रोटली धरून दारातच उभी राहिली.

"अहो, ही फुगली आत्ताच!"

"धुऊन प्यायलो."

"मग भरलं ना पोट?"

"ते काही कळलं नाही बुवा," अनोपभाई म्हणाले, आणि पाटावरून उठताना पुन्हा एकदा थाळीकडे बघत राहिले.