मोटारीची मशीन आणि उसाचं पाणी

फलटणजवळच्या आमच्या गावात मी हातमशीनवर शिवण शिवायची. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं कापड सरकवायचं. शिवून पटकन व्हायचं. वेळ खायची ती काजं. ती सुईनं, हातानंच. हायस्कूलला जाणाऱ्या मुली वाढल्या तशी ब्लाऊजची कामं वाढली, आणि माझे डोळे चुरचुरायला लागले. काजांवाचून कपडे पडून राहू लागले, तेव्हा बायका फलटणच्या शिंप्याकडं वळल्या. काम टिकवायचं तर काहीतरी करायला हवं होतं.

आमचे हे फौजेतून रजेवर आले होते. त्यांनी फलटणच्या दुकानात विजेवर चालणारी मशीन पाहिली. काजं करणारी, नक्षी काढणारी. त्या किमतीत दुभती म्हैस आली असती, आणि सासूबाईंना म्हैसच हवी होती.

"लय भारी मशीन हाय," हे म्हणाले. "आमच्या सायबाच्या बाईकडं असलीच हाय."

"सायबाच्या बाईला धारा काढाय लागत न्हाईत," सासूबाई म्हणाल्या. "म्हस घ्या. म्हशीला वीज लागत न्हाई."

आम्ही फलटणच्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदारानं रुमालावर मोर काढून दाखवला. हे खूश. मी म्हटलं, "मोर ऱ्हाऊ द्या. काज दाखवा." काज सुरेख झालं. माझं मन तिथंच बसलं, तरी मी हो म्हटलं नाही. आमचं घर उसाच्या पट्ट्यात. सकाळी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दिवा पिवळा पडायचा. मशीन सकाळीच घरी आणून चालवून दाखवायची, अशी अट मी घातली.

दुकानदार मशीन घेऊन आला. शिवारात मोटारी सुरू झाल्या. मशीननं चार टाके घातले, घरघर केली आणि थांबली.

"म्हशीगत रवंथ कराय लागली की!" सासूबाई म्हणाल्या.

ह्यांचं तोंड उतरलं. "रातच्याला शिवत जा की. तवा वीज बरी असती."

"आवं, डोळं वाचवायला मशीन घ्यायची आन् रातच्याला डोळं फोडायचं व्हय?"

मी मशीन फिरवून पाहिली. मोटार मागं वेगळी बसवलेली, पट्ट्यानं चाकाला जोडलेली. मी दुकानदाराला विचारलं, "ही मोटार काढून खाली पायाचा स्टँड लावता येतो का?"

"येतो की. पण बाई, एवढी भारी मशीन घेऊन पायानं कोण चालवणार?"

"मी."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्टँड आणून बसवला. शिवारात मोटारी चालू होत्या. मी पाय मारला. काज कुठंही न अडखळता पुरं झालं. ह्यांनी तिथल्या तिथं सौदा पक्का केला. सासूबाईंनी काजावरून बोट फिरवून पाहिलं.

मशीनचा आवाज ऐकून शेजारीण आली. तिच्या मुलीचा ब्लाऊज काजांसाठी माझ्याकडं पडून होता.

"शिंप्याकडं नेऊ का गं? किती दिस लागत्याल अजून?"

"बस," मी म्हटलं. "घेऊनच जा."