आंबलेली टाकी

सडक्या कोबीच्या वासाची सुंदराबाई ओव्हाळांना कधी किळस आली नाही. मार्केट यार्डाजवळच्या छोट्या गॅस प्रकल्पात नऊ वर्षं त्यांनी भाजीचा कचरा हाताने निवडला. रोज पाच टन पाला टाकीत जायचा, त्यातून गॅस निघायचा, उरलेलं खत शेतकरी न्यायचे. टाकीतला रस्सा बादलीत काढला की वासावरूनच त्या सांगत, "हिचं पोट बिघडलंय. आज कमी घाला."

मग कंपनीने शहराबाहेर शंभर टनांचा प्रकल्प उभारला आणि बाईंना तिकडे पाठवलं. पहिलाच ट्रक रिकामा झाला आणि त्यांनी पदर नाकाला लावला. ओल्या कचऱ्याच्या नावाखाली डायपर, थर्माकोल, फुटक्या बाटल्या, एक मेलेली घूस.

"हे टाकीत नका घालू साहेब," त्या व्यवस्थापक पुष्करना म्हणाल्या.

"निवडायला मशीन आहे. तुमचे हात शंभर टनांना पुरणार आहेत का?"

मशीनने प्लास्टिकसुद्धा बारीक चिरून आत ढकललं. तिसऱ्या आठवड्यात रश्श्याला आंबूस, घशात बसणारा वास आला.

"टाकी आंबलीये. चार दिवस उपाशी ठेवा."

"आणि उद्घाटनाला पाहुण्यांना काय दाखवू? उपाशी टाकी?"

उद्घाटनाच्या सकाळी ज्योत मात्र झोकात पेटली. टाळ्या झाल्या. बाई चक्रावल्या; आंबलेल्या टाकीतून एवढा गॅस निघणं शक्य नव्हतं. पत्र्याच्या शेडमागे जाऊन पाहिलं, तर हॉटेलात असतात तसे दोन सिलिंडर उभे, नळी थेट ज्योतीकडे गेलेली.

तेवढ्यात बातमीसाठी कॅमेरा घेऊन आलेल्या मुलीने हसून विचारलं, "मावशी, या वासाचा त्रास नाही होत?"

"कचऱ्याचा नाही होत. हा विकतचा गॅस आहे, त्याचा होतोय. चल, दाखवते."

त्या संध्याकाळी बातम्यांत सगळीकडे ते सिलिंडर दिसले आणि बाईंना घरी बसवलं गेलं. पुढे महिन्याभरात गॅस पूर्ण बंद पडला. पुष्करच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी टाकी उघडायचं ठरवलं, तेव्हा बाईंना स्वतः फोन करून बोलावलं, "आपण यायला हवं."

पंप लावून टाकी उपसली. तळाशी गुडघाभर काळा चिखल, त्यात केसांसारख्या गुंतलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाई कुंपणाशी जाऊन ओकल्या.

"पुन्हा सुरू होईल?" साहेबांनी विचारलं.

"होईल. शेण घाला, मग निवडलेला पाला, थोडा थोडा करून. आणि ट्रक मी बघितल्याशिवाय आत घ्यायचा नाही."

आज तिथे तीस टन कचरा जिरतो, शंभर नाही. फाटकावर बाई रोज निम्मे ट्रक परत पाठवतात. ड्रायव्हर शिव्या घालतात. बाई त्यांना गाडीतलं डायपर काठीवर उचलून दाखवतात आणि तोंड फिरवतात.